वाचकांचे प्रश्न : गावात आरोग्य-संशोधन येते तेव्हा

आरोग्यविषयक पाहण्या, औषधांच्या चाचण्या आणि रक्तनमुने गोळा करणारे अभ्यास आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरते राहिलेले नाहीत. ते वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचले आहेत. या संशोधनात स्थानिक लोकांचे स्थान नेमके कोणते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत, आणि ज्या संस्थांविषयी त्यांनी तक्रार केली आहे त्यांचीही नावे गाळली आहेत.

प्रश्न : एका वैद्यकीय महाविद्यालयाचे पथक मधुमेहाच्या अभ्यासासाठी आमच्या गावात येणार आहे. ग्रामपंचायतीचे परवानगीपत्र, समाजमंदिराची जागा आणि आशाताईंची मदत त्यांनी मागितली आहे. अर्जात ‘लोकसहभागातून संशोधन’ असे शब्द आहेत. पंचायतीने पत्र दिले म्हणजे गावाची संमती झाली, असे समजायचे का? पत्र देण्यापूर्वी आम्ही काय विचारावे?
— एक महिला सरपंच, अकोले तालुका

उत्तर : पंचायतीचे पत्र म्हणजे पथकाला गावात येण्याची परवानगी. रक्त देण्याची संमती ही ज्याचे रक्त आहे त्यानेच द्यायची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत. जेथे रीतीप्रमाणे गावप्रमुखाची किंवा समाजाची परवानगी घेणे योग्य असेल तेथे ती घ्यावी, पण तिच्यामुळे व्यक्तिगत संमतीची गरज संपत नाही. हा फरक कागदी वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लसीचा एक प्रकल्प किशोरवयीन मुलींमध्ये राबवण्यात आला. खम्मममधील अनेक आदिवासी मुली वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी मुख्याध्यापकांनी किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे नंतर उघड झाले. प्रकल्पाच्या काळात सात मुलींचे मृत्यू झाल्यावर २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे आढळले नाही. संमतीच्या प्रक्रियेतील त्रुटी मात्र आढळल्या, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यांवर कठोर ताशेरे ओढले. लस उपयुक्त होती, तरी तिच्याविषयीचा संशय त्यानंतर बराच काळ रेंगाळला. वडीलधाऱ्याने दुसऱ्याच्या वतीने सही केली की असा प्रकार घडू शकतो, आणि आपल्या गावात ती वडीलधारी व्यक्ती आपण स्वतः आहात.

आता काय विचारावे ते सांगतो. पहिला प्रश्न : हा अभ्यास आमच्याच गावात का? ‘रस्त्याच्या जवळ आहे’ हे उत्तरही चालेल, फक्त ते प्रामाणिक असावे. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक पथके त्याची तयारी करून आलेली नसतात : तपासणीत ज्यांना साखर निघेल त्यांचे पुढे काय? आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या नियमित मिळतात का, पथकाने त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधी बोलणी केली आहेत का, आणि वर्षभरानंतर त्या रुग्णाकडे कोण पाहणार? ज्या आजाराचा उपचार गावाच्या आवाक्यात नाही तो केवळ शोधून काढणे हा गावावर उपकार नव्हे. तिसरा प्रश्न निष्कर्षांचा आहे. ते गावाला कधी, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडून कळतील, याची तारीख पत्रात लिहून घ्यावी. नीतिसमिती म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांचे हक्क आणि सुरक्षितता जपली जाते का, हे तपासून मंजुरी देणारी समिती; तिच्या मंजुरीपत्राची प्रत मागावी आणि तक्रार करायची झाल्यास कोणाशी बोलायचे, त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

पत्र देण्याची घाई करू नये. विषय आधी महिला ग्रामसभेत आणि मग ग्रामसभेत मांडावा, कारण उपाशीपोटी सकाळी सात वाजता रक्त द्यायला येणे मजुरीला जाणाऱ्या बाईला शक्य आहे की नाही, हे कार्यालयात बसलेल्या पुरुषांना सांगता येत नाही. सभेतून सूचना आल्या तर त्या पथकापुढे ठेवाव्यात. वेळ बदला, कापणी संपू द्या, रक्तदाबही तपासा, अशी मागणी करण्याचा गावाला अधिकार आहे, आणि ती ऐकून आराखड्यात बदल करणारे पथकच ‘लोकसहभाग’ हा शब्द वापरण्यास पात्र ठरते. एक पथ्य मात्र आपण स्वतः पाळावे. कोणी नकार दिला आणि कोणाला मधुमेह निघाला, या दोन्ही याद्या आपल्याकडे येता कामा नयेत. पथकाने त्या आपण होऊन देऊ केल्या तर त्यांनी गोपनीयतेचा नियम मोडला आहे, असे समजावे.

प्रश्न : मी सामाजिक वैद्यकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. प्रबंधात समुदायाचा सहभाग दाखवावा, असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. आतापर्यंत मी सहभाग म्हणजे प्रश्नावली भरून देणे एवढेच समजत होतो. लोक संशोधनाचे भागीदार होतात म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे एखाद्या उदाहरणाने सांगाल का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : आपण नागपुरात आहात, म्हणून उदाहरणासाठी फार दूर जायची गरज नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. चंद्रपूरपासून वेगळा होऊन तो जिल्हा १९८२ साली झाला होता, म्हणजे तेव्हा तो नवाच होता. त्यांच्या पहिल्या काही वर्षांच्या कामात आपल्या प्रश्नाचे जवळजवळ पूर्ण उत्तर आहे, आणि त्याची सुरुवात यशाने झालेली नाही, म्हणून ते अधिक शिकवते.

त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर होता. हा आजार जिल्ह्यातील आदिवासींमध्ये आहे, हे त्यातून पुढे आले आणि शास्त्राच्या दृष्टीने ते मोलाचेही होते. पण ज्यांचे रक्त तपासले त्यांनी तो प्रश्न विचारलेला नव्हता, आणि उत्तर मिळाल्यानंतर त्यांच्या हाती ठेवण्यासारखा उपाय त्या काळी फारसा नव्हता. ही संशोधकाची गरज होती, लोकांची नव्हती, अशी कबुली डॉ. अभय बंग यांनी पुढे जाहीरपणे दिली आहे. प्रश्न कोणाचा, ही भागीदारीची पहिली कसोटी असते, आणि ती आराखडा लिहिण्याच्या आधीच लागते.

त्यानंतरचा स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास पाहा. त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा सरकारी अर्थ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. पांढरे जाणे, पाळीचे त्रास, ओटीपोटातील दुखणे यांविषयी बायका आपापसांत बोलत, पण दवाखान्यात ते विचारणारे कोणी नव्हते. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची दृष्टी त्याने जगभर बदलली. गावातल्या बाईने अंतर्गत तपासणीला तयार होणे ही केवळ संमतीपत्राने साधणारी गोष्ट नाही. त्यासाठी विचारणारीवर विश्वास लागतो आणि विचारलेला प्रश्न आपलाच आहे, ही खात्री लागते. संख्याशास्त्र त्यानंतर कामाला येते.

न्यूमोनियाच्या अभ्यासात भागीदारी आणखी एक पायरी पुढे गेली. लहान मुलांच्या मृत्यूंचे न्यूमोनिया हे मोठे कारण होते, आणि मूल दगावते ते घरात, डॉक्टरपासून दूर. म्हणून निदान घरातच आणि गावातल्याच माणसाकडून व्हायला हवे होते. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला साठ किंवा अधिक, आणि त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक. गावातील सुईणी अनुभवी होत्या, त्यांच्यावर घरांचा विश्वास होता, पण त्यांपैकी बहुतेकींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. येथे सुईणीला बाजूला सारून शिकलेला माणूस नेमणे सोपे होते. ‘सर्च’ने त्याऐवजी साधन बदलले. मणी ओवलेल्या पाटीसारखे एक उपकरण आणि सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. शंभराहून अधिक गावांत केलेल्या या चाचणीत न्यूमोनियाने होणारे आणि एकूणच बालमृत्यू कमी झाले, आणि १९९० मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ‘अडाणी लोकांना शास्त्रीय काम जमणार नाही’ हे वाक्य कोणी आपल्यापुढे उच्चारले तर त्या मण्यांची आठवण करून द्यावी.

पुढे ३९ गावांत नवजात बाळाच्या घरोघरी काळजीचा प्रयोग झाला. गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवण्यात आले. हजार जन्मांमागे सुमारे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे २५ पर्यंत उतरले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के होती. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. खेड्यातील अर्धशिक्षित स्त्रीच्या हाती इंजेक्शन देणे त्या काळी अनेक बालरोगतज्ज्ञांना अजिबात पटले नव्हते. त्यांची शंका गैर नव्हती; तिला उत्तर देण्याचा मार्ग मोजमापाचा होता, आणि ते मोजमाप करण्यात आले.

संस्थेचे रुग्णालय बांधण्यापूर्वीही आदिवासींना विचारण्यात आले. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती, रुग्णाला नातेवाइकांपासून तोडणे मान्य नव्हते, आणि देवाशिवायच्या जागी बरे कसे होणार, हाही प्रश्न होता. म्हणून रुग्णालय गोंड गावासारखे, झोपड्यांचे झाले, नातेवाइकांची सोय तेथेच झाली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. व्यवस्थापनाच्या पुस्तकात या गोष्टीला जागा नसेल, पण जेथे रुग्ण यायलाच घाबरतो तेथे संशोधन होत नाही, हे साधे व्यावहारिक सत्य आहे.

आपला प्रबंध दीड-दोन वर्षांत संपणार आहे, आणि गडचिरोलीइतका काळ आपल्यापाशी नाही. तरी तीन गोष्टी शक्य आहेत. आराखडा नीतिसमितीपुढे जाण्याआधी निवडलेल्या गावात जाऊन, प्रश्नावली न काढता, लोकांना कोणत्या आजाराची चिंता वाटते हे ऐकावे. प्रश्नावलीचा मसुदा चार-पाच गावकऱ्यांना वाचून दाखवावा आणि जेथे ते अडखळतील तेथे तो बदलावा. आणि पदवी मिळण्याआधी निष्कर्ष गावात सांगावेत. एवढे करूनही त्याला ‘सल्लामसलत’ म्हणावे. ‘भागीदारी’ म्हणू नये, कारण निर्णय आपल्याच हातात राहिलेला असेल. प्रबंधात हे जसेच्या तसे लिहावे. परीक्षक त्यासाठी गुण कापणार नाहीत, आणि कापले तर ते त्यांचे अज्ञान.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. दरवर्षी एखादे तरी पथक येते आणि घरे दाखवण्यापासून बायकांना बोलावून आणण्यापर्यंत सगळे काम आम्हालाच करावे लागते. पथक निघून जाते. रिपोर्ट येत नाहीत. मग लोक आम्हालाच विचारतात, ‘ताई, ते रक्त नेले त्याचे काय झाले?’ आम्ही काय सांगायचे?
— एक आशाताई, पालघर जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न या सर्व पत्रांत सर्वांत नेमका आहे. पथकाने वापरला तो तुमचा विश्वास. बाळंतपणाला सोबत जाऊन, पोलिओच्या फेऱ्या मारून, रात्री-अपरात्री धावून तुम्ही तो मिळवलेला होता. बाहेरच्या माणसाने तो खर्च केला आणि भरपाई तुमच्याकडून मागितली जात आहे.

तुमचा मोबदला आधी पाहू. आशांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. संशोधनाचे काम त्या यादीतले नसते, त्यामुळे पथकाने ते फुकट मागणे योग्य नाही, आणि तालुक्याच्या बैठकीत ‘मदत करा’ असा तोंडी निरोप देऊन ते काम तुमच्या गळ्यात टाकणे तर अजिबात योग्य नाही. प्रत्येक अभ्यासाचे अंदाजपत्रक असते, त्यात गाडीभाडे असते, छपाई असते, रसायने असतात. घरे दाखवणाऱ्या बाईच्या दिवसाची किंमतही त्यात धरता येते. गटप्रवर्तक ताईंमार्फत हे लेखी मागावे. एकटीने मागितले तर ‘आशा अडवणूक करते’ असे म्हणायला लोक कमी करत नाहीत. सगळ्यांनी मिळून मागावे.

पैशाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘इतक्या बायका आणल्या तर इतके रुपये’ अशी बोली कोणी लावली तर ती स्वीकारू नये. दिवसाचा मोबदला घ्यावा, माणशी दर घेऊ नये. माणशी दर ठरला की नाही म्हणणारी बाई तुम्हाला तोट्याची वाटू लागते, आणि उद्या तिच्याच बाळाच्या लसीसाठी तुम्हाला तिच्या दारात उभे राहायचे असते.

रिपोर्टविषयी पथकाकडून सुरुवातीलाच दोन वेगळ्या गोष्टी कबूल करून घ्याव्यात. ज्याचे रक्त त्याचा अहवाल, बंद पाकिटात, ठरलेल्या दिवशी. आणि सगळ्या गावाचा मिळून निघालेला निष्कर्ष, ग्रामसभेत, पथकातील माणसाने स्वतः येऊन सांगायचा. काही तपासण्यांचे व्यक्तिगत अहवाल दिले जात नाहीत, कारण त्या उपचारासाठी नसून केवळ अभ्यासासाठी असतात. तसे असेल तर ते रक्त घेण्यापूर्वी सांगायला हवे, नंतर नव्हे. या वेळी लोकांनी विचारले तर ‘मला माहीत नाही, मी त्यांना पत्राने विचारले आहे’ असे सांगावे, आणि खरोखरच पत्र पाठवावे. संमतीपत्राची एक प्रत प्रत्येक घरात असायला हवी. तिच्यावर प्रमुख संशोधकाचे आणि नीतिसमितीचे नाव व संपर्क असतो. पत्र दोघांनाही पाठवावे. नीतिसमितीला गेलेले पत्र सहसा दुर्लक्षित राहत नाही.

माहिती गोळा करणाऱ्यानेच ती लोकांपुढे मांडायची, ही रीत आपल्या राज्यात नवी नाही, हेही पथकाला ऐकवता येईल. २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया महाराष्ट्रात सुरू झाली, आणि तुमचा भाग तेव्हा ज्या ठाणे जिल्ह्यात होता तो पहिल्या पाच जिल्ह्यांपैकी एक होता. गावकऱ्यांनीच उपकेंद्र आणि आरोग्य केंद्राची पाहणी करायची, हिरवा, पिवळा, लाल असे शेरे असलेले प्रगतिपत्रक भरायचे आणि ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचे, अशी ती पद्धत. औषधे का नाहीत, या प्रश्नाला तेथे सर्वांदेखत उत्तर द्यावे लागे.

प्रश्न : मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. लोकांना संशोधनात भागीदार करून घेणे सामाजिक दृष्ट्या स्तुत्य असेल. पण ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनाच अभ्यासात घेतले तर निष्कर्ष तटस्थ कसे राहतील? शिवाय अशा सहभागाचा खरोखर उपयोग होतो, याला पुरावा आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच येते. झारखंड आणि ओडिशातील तीन जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने स्त्रियांचे गट तयार केले. गट दरमहा जमत. गावात बाळे आणि बाळंतिणी का दगावतात याची चर्चा करत, त्यातले कोणते कारण आधी हाताळायचे ते स्वतः ठरवत आणि उपायही स्वतः निवडत. स्थानिक स्त्री बैठक चालवी, उपदेश करत नसे. गावांच्या ३६ समूहांपैकी १८ समूहांत गट आणि १८ समूहांत गट नाहीत, अशी विभागणी यदृच्छेने केलेली होती. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण गट असलेल्या भागात ३२ टक्क्यांनी कमी राहिले. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातून २००४ साली याच प्रकारचे, सुमारे ३० टक्के घट दाखवणारे निष्कर्ष आले होते.

मुंबईत मात्र तसे घडले नाही. ‘स्नेहा’ या संस्थेने शहरातील ४८ झोपडपट्टी-समूहांत, निम्म्या ठिकाणी स्त्रियांचे गट चालवून, हाच विचार तपासून पाहिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात बाळांच्या आरोग्यावर त्याचा परिणाम दिसला नाही. मला हा अभ्यास झारखंडइतकाच मोलाचा वाटतो. मुंबईत बहुसंख्य बाळंतपणे आधीपासूनच रुग्णालयांत होत होती. घरात बदलता येण्यासारखे जे झारखंडमध्ये होते ते येथे कमी होते, आणि रुग्णालयाच्या आत काय घडते ते बदलणे वस्तीतील गटाच्या हातात नव्हते. शिवाय घरमालक बदलतात, माणसे गावी जातात, शेजार टिकत नाही. सहभाग हा मंत्र म्हणून वापरणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. तो दडवून न ठेवता प्रसिद्ध झाला, याचे श्रेय संशोधकांना दिलेच पाहिजे.

तटस्थतेचे म्हणाल तर या अभ्यासांत ती राखण्याची तरतूद आराखड्यातच होती. गट चालवणारे वेगळे आणि मोजणारे वेगळे. झारखंडमध्ये गावातील माहीतगार व्यक्ती जन्म-मृत्यूची खबर देत आणि मुलाखतकार घरी जाऊन ती पडताळत. मृत्यूसारखी गोष्ट मोजायची असल्यामुळे विचारणाऱ्याला खूश करण्याच्या ओढीने आकडे फारसे वाकत नाहीत. ‘आपल्याला आता बरे वाटते का’ असा प्रश्न असता तर आपली शंका रास्त ठरली असती. उलट बाजूही पाहावी. पूर्णपणे परक्या माणसाने भरलेली प्रश्नावली तटस्थ असते, हे आपण गृहीत धरतो. दारू, गर्भपात, घरातील मारहाण यांविषयी खेड्यातली बाई परक्याला जे उत्तर देते ते अचूक असेलच असे नाही. आणि नमुना कितीही मोठा घेतला तरी ही चूक कमी होत नाही, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी हृदयरोगाच्या एका अभ्यासासाठी रक्त दिले होते. तेच रक्त पुढे दुसऱ्याच संशोधनासाठी वापरले जाऊ शकते का? आम्हाला ते परत मागता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : वडिलांनी सही केलेल्या संमतीपत्रात काय लिहिले होते यावर ते अवलंबून आहे. नमुना साठवून ठेवण्याची आणि पुढील संशोधनासाठी वापरण्याची संमती स्वतंत्रपणे विचारलेली असते. त्या ओळीसमोर ‘नाही’ अशी खूण असेल, तर तो दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. अभ्यासातून कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येते आणि त्याचा उपचारांवर परिणाम होऊ नये, असाही नियम आहे. नमुन्यावरील ओळख आधीच पुसून टाकलेली असेल, तर मात्र तो वेगळा काढणे शक्य होत नाही. म्हणून संस्थेच्या नीतिसमितीकडे लवकर विचारणा करावी.

हा प्रश्न किती दूरवर जाऊ शकतो हे अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी समाजाच्या प्रकरणाने दाखवले. ॲरिझोना राज्यातील या लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. ते पुढे मानसिक आजार आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर यांसारख्या विषयांसाठीही वापरले गेले. आपला उगम कोठे झाला याविषयी त्या समाजाच्या ज्या श्रद्धा आहेत त्यांनाच त्यामुळे धक्का बसला. खटला चालला, आणि २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाने तडजोड करून भरपाई दिली व उरलेले नमुने परत केले. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी पुढचे पाऊल उचलले. त्यांनी २०१७ साली स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली आणि आपल्याकडे येणाऱ्या संशोधकांनी ती पाळावी, अशी अट घातली. भारतातील कोणत्याही समाजाला असे करण्यास कायद्याची आडकाठी नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. येथील एका रुग्णालयाने मला त्यांच्या नीतिसमितीवर ‘सामान्य नागरिक’ म्हणून येण्याची विनंती केली आहे. समितीत सगळे डॉक्टर आणि वकील. मला वैद्यकातले काही कळत नाही. मी तेथे जाऊन काय करणार?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जरूर जावे. वैद्यकातले कळणारे तेथे आधीच आहेत. आपल्याला नेमले आहे ते रुग्णाच्या जागी बसून वाचण्यासाठी. औषध-चाचण्यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि एक सदस्य सामान्य नागरिक असावाच लागतो.

आपल्या हाती येणाऱ्या कागदांत मराठी संमतीपत्र सर्वांत आधी वाचावे. बहुधा ते इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेले असते आणि शाळेच्या निबंधात आपण ज्या वाक्यांखाली लाल रेघ मारली असती तशी वाक्ये त्यात सापडतात. दहावी झालेल्या माणसाला ते एका वाचनात समजते का, धोके कोणत्या पानावर आहेत, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार हे सरळ लिहिले आहे का, एवढे पाहावे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निष्पक्ष, साक्षर साक्षीदार कोण असेल, हे विचारावे. मुलांवरील अभ्यास असेल तर सात वर्षांवरील मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगून त्याची मान्यता घेण्याची तरतूद आहे का, ते पाहावे. या बाबतीत समितीतील कोणाही डॉक्टरपेक्षा आपला अनुभव मोठा आहे. औषधाची चाचणी असेल तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का, हे विचारावे. ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे आणि कोणालाही संगणकावर विनामूल्य पाहता येते.

आणि बैठकीत आपल्याला गप्प बसवण्याचा प्रयत्न झाला, तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : या नियमांनुसार गणपूर्तीसाठी जे पाच सदस्य हजर असावे लागतात, त्यांत सामान्य नागरिकाचा समावेश आहे. आपण नसाल तर त्या दिवशी चाचणीला मंजुरी देता येत नाही.